डलेस यांची सातासमुद्रापारची वकिली

जॉन फॉस्टर डलेस हे नाव भारतीय वाचकाला, विशेषतः गोवामुक्तीचा काळ आठवणाऱ्या पिढीला, फारशा आपुलकीने आठवत नाही. १९५३ ते १९५९ या काळात ते अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. पाकिस्तानला लष्करी मदत देण्याचा करार, आग्नेय आशियातील ‘सीटो’ ही लष्करी संघटना आणि गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हणणारे पत्रक या तीन गोष्टींमुळे त्यांचे नाव आपल्याकडे रोषाचा विषय झाले होते. तथापि राजकारणाच्या अग्रभागी येण्यापूर्वी हा मनुष्य सुमारे अडतीस वर्षे न्यूयॉर्कच्या एकाच वकिली पेढीत काम करीत होता आणि त्यांपैकी वीसहून अधिक वर्षे तिचा प्रमुख होता. एखादी वकिली पेढी आपल्या देशाच्या सीमा ओलांडून परदेशी बाजारात कशी पसरते, तिचा लाभ कोणाच्या पदरी पडतो आणि जोखीम कोणाच्या माथी येते, याचा बोध त्यांच्या चरित्रातून जितका होतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या चरित्रातून होईल. परदेशी वकिली पेढ्यांना भारताचे दार किती उघडावे, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहेच. म्हणून डलेस यांचे जीवन, त्यांच्याविषयीचा राग वा कौतुक बाजूला ठेवून, पुन्हा वाचण्यासारखे आहे.

घराण्याचा वारसा

डलेस यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८८८ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे वडील जॉन फॉस्टर हे १८९२-९३ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते, आणि मावशीचे यजमान रॉबर्ट लॅन्सिंग यांनी पुढे अध्यक्ष विल्सन यांच्या कारकीर्दीत तेच पद भूषविले. घरात एका बाजूला बायबल आणि दुसऱ्या बाजूला आंतरराष्ट्रीय तह अशा वातावरणात हा मुलगा वाढला. १९०७ मध्ये हेग येथे भरलेल्या दुसऱ्या शांतता परिषदेत आजोबा चीनच्या शिष्टमंडळाचे सल्लागार होते. त्यांच्यासमवेत एकोणीस वर्षांचा नातूही त्या शिष्टमंडळाचा चिटणीस म्हणून गेला. प्रिन्स्टनची पदवी, पॅरिसमध्ये बर्गसाँ यांच्या व्याख्यानांचा लाभ आणि नंतर वॉशिंग्टनमध्ये कायद्याचे शिक्षण असा पुढचा क्रम झाला.

इतके असूनही न्यूयॉर्कमध्ये नोकरी सहज मिळाली नाही. अखेर आजोबांचा जुना परिचय उपयोगी पडला आणि १९११ मध्ये ‘सलिव्हन अँड क्रॉमवेल’ या पेढीत त्यांना कनिष्ठ जागा मिळाली. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या या पेढीचे सूत्रधार तेव्हा विल्यम नेल्सन क्रॉमवेल होते. त्यांची कार्यपद्धती समजल्याशिवाय डलेस यांची वकिली समजणार नाही.

पनामाचा धडा

पनामाचा कालवा खोदू पाहणारी फ्रेंच कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर तिच्या मालमत्तेवर जी नवी कंपनी उभी राहिली, तिने १८९६ मध्ये क्रॉमवेल यांना वकीलपत्र दिले. कंपनीपाशी अर्धवट खोदलेला चर, गंजत चाललेली यंत्रे आणि कोलंबिया सरकारने दिलेला परवाना एवढेच होते. हे सर्व विकत घेऊ शकेल असे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे अमेरिकेचे सरकार. आणि त्या सरकारचा ओढा तर निकाराग्वामधून कालवा काढण्याकडे होता. क्रॉमवेल यांनी हे प्रकरण न्यायालयात लढविले नाही. ते सिनेटरांना भेटले, अभियंत्यांचे अहवाल त्यांच्या हाती पोहोचते केले, वृत्तपत्रांना मजकूर पुरविला. १९०२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने पनामाच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटून निघाला आणि फ्रेंच कंपनीला चार कोटी डॉलर मिळाले. नव्या पनामा प्रजासत्ताकाच्या वाट्याला एक कोटी आले, आणि त्यांपैकी साठ लाख डॉलर न्यूयॉर्कमध्ये गुंतवून सांभाळण्याचे कामही क्रॉमवेल यांच्याकडेच आले. क्रॉमवेल यांनी कंपनीकडे आठ लाख डॉलरचे बिल धाडले. लवादाने ते बरेच कापले, हा भाग वेगळा.

तरुण डलेस ज्या पेढीत दाखल झाले, तिची शिकवण ही अशी होती. आंतरराष्ट्रीय वकिली ही मुख्यतः न्यायासनासमोरची वकिली नव्हे. भांडवल परदेशी जाते तेव्हा त्याला सरकारची अनुकूलता, तिथल्या कायद्याची माहिती आणि निर्दोष दस्तऐवज लागतात. ज्या पेढीला या तिन्ही गोष्टी एकाच टेबलावर मांडता येतात, तिला देशोदेशीचे अशील आपोआप मिळतात. १९१७ मध्ये लॅन्सिंग यांनी आपल्या या आप्ताला सरकारी कामगिरीवर मध्य अमेरिकेत धाडले. महायुद्धात पनामा कालव्याच्या रक्षणासाठी तेथील राज्यांचे सहकार्य मिळविणे हा त्या दौऱ्याचा हेतू होता. सरकारचे काम आणि पेढीचे कार्यक्षेत्र यांमधली रेषा किती पुसट असते, याची डलेस यांना ती पहिली प्रचीती होती.

दोन कलमांची कथा

१९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेत डलेस अमेरिकेच्या शिष्टमंडळाचे कायदा सल्लागार म्हणून गेले. जर्मनीने युद्धाची भरपाई किती द्यावी, हा तेथला सर्वांत बिकट प्रश्न होता. ब्रिटन आणि फ्रान्स यांना युद्धाचा सारा खर्च वसूल करावयाचा होता. अमेरिकन तज्ज्ञांना दिसत होते की, एवढी रक्कम देण्याची जर्मनीची कुवत नाही. केन्स आणि झाँ मोने यांच्याशी डलेस यांचा परिचय याच परिषदेत झाला.

कोंडी फोडण्यासाठी नॉर्मन डेव्हिस आणि डलेस यांनी एक वकिली तोडगा काढला. तहाच्या २३१ व्या कलमात सर्व हानीची जबाबदारी जर्मनी व त्याच्या मित्रांवर आहे, हे तत्त्व मान्य करून घ्यावयाचे. आणि लगेच २३२ व्या कलमात जर्मनीची साधने पूर्ण भरपाईला अपुरी आहेत, असे नमूद करून प्रत्यक्ष देणे मर्यादित ठेवावयाचे. तत्त्व एका पक्षाला आणि व्यवहार दुसऱ्या पक्षाला, अशी ही वाटणी होती. कागदावर ती निर्दोष होती. परंतु जर्मन जनतेने २३२ वे कलम वाचलेच नाही. तिच्या मनात २३१ वे कलम तेवढे रुतले, आणि ‘युद्धाच्या अपराधाचे कलम’ म्हणून पुढील वीस वर्षे जर्मन राजकारणाने त्याचा निखारा फुंकत ठेवला. देणे कमी व्हावे म्हणून लिहिलेला मजकूर द्वेषाचे साधन ठरला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने डलेस यांचे निदान बरोबर होते; देणेकऱ्याच्या कुवतीबाहेरचे देणे वसूल होत नाही, हे त्यांना स्पष्ट दिसले होते. हेच निदान पुढच्या दशकात स्वतःच्या व्यवसायाला लावावयास मात्र ते विसरले, असे म्हणावे लागते.

कर्जरोख्यांचे दशक

युद्धानंतर न्यूयॉर्क हे जगाचे कर्जपुरवठ्याचे केंद्र झाले. पूर्वी लंडनकडे येणारी राज्ये, शहरे आणि कारखाने आता वॉल स्ट्रीटच्या दारी येऊ लागले. १९२४ मध्ये डॉज योजनेखाली जर्मनीला ८० कोटी सुवर्ण मार्कांचे आंतरराष्ट्रीय कर्ज देण्याचे ठरले. त्यांतील ११ कोटी डॉलरचा वाटा अमेरिकेत सात टक्के व्याजाच्या रोख्यांनी उभा राहिला आणि त्या रोख्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. या कर्जाच्या कायदेशीर बाजूत डलेस यांचा सहभाग होता. १९२६ मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, ते पेढीचे प्रमुख झाले. १९२७ च्या पोलंडच्या चलन-स्थिरीकरण कर्जातही ते बँकांचे सल्लागार होते. पॅरिसमध्ये पेढीची कचेरी होती, बर्लिनमध्येही ती उघडली, आणि जर्मन प्रांत, नगरपालिका, वीज कंपन्या व कारखाने यांच्या कर्जांची प्रकरणे तिच्याकडे येऊ लागली.

अशा प्रकरणात वकिलाचे काम काय असते, हे सामान्य वाचकाने समजून घेण्याजोगे आहे. एखादे जर्मन शहर न्यूयॉर्कमध्ये रोखे विकू इच्छिते. त्या शहराला परदेशी कर्ज काढण्याचा अधिकार तेथील कायद्याने आहे काय, कोणत्या उत्पन्नातून व्याज दिले जाईल, त्या उत्पन्नावर आधीचा कोणाचा बोजा आहे काय, हप्ता चुकला तर रोखेधारकांच्या वतीने कोणी उभे राहावयाचे, फेड कोणत्या चलनात व्हावयाची, या साऱ्यांची छाननी वकिलाने करावयाची आणि शेवटी दस्तऐवज कायदेशीर असल्याचा अभिप्राय द्यावयाचा. तो अभिप्राय मिळाल्याशिवाय बँक रोखे बाजारात आणीत नाही. म्हणजे वकिलाची सही ही त्या व्यवहाराची किल्ली असते.

परंतु दस्तऐवज वैध आहे एवढेच ती सही सांगते. कर्ज फिटेल असे ती सांगत नाही. रोखे विकले गेले की बँकेची दलाली आणि वकिलाची फी हाती पडते. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षांची जोखीम मात्र रोखे घेणाऱ्याकडे जाते. बचतीचे चार पैसे व्याजाच्या आशेने गुंतविणारा मध्यमवर्ग त्यांत होता. व्यवहाराची रचना करणाऱ्यांचा लाभ सहीच्या दिवशी आणि व्यवहारावर विसंबणाऱ्यांची कसोटी पुढची कित्येक वर्षे, ही विषमता त्या व्यवसायाच्या मुळाशीच होती.

शिवाय सारे चक्र एकाच धाग्यावर फिरत होते. अमेरिकेचा पैसा कर्जरूपाने जर्मनीत जाई, जर्मनी त्या बळावर ब्रिटन-फ्रान्सला भरपाई देई, आणि ती राष्ट्रे आपली युद्धकर्जे अमेरिकेला फेडीत. जर्मनीला स्वतःच्या निर्यातीतून हे देणे भागवावयाचे तर धनको राष्ट्रांनी तिचा माल घ्यावयास हवा होता. पण अमेरिकेच्या जकातीच्या भिंती उंचच होत गेल्या. १९२६ मध्ये ‘फॉरिन अफेअर्स’ या त्रैमासिकात डलेस यांनी परदेशी कर्जांचे समर्थन केले, त्यांतील मुख्य मुद्दा अमेरिकेच्या निर्यातीला या कर्जांचा आधार मिळतो हा होता. मुद्दा खोटा नव्हता. पण गिऱ्हाइकाला आपणच उधार देऊन आपला माल विकावयाचा, तर उधारी थांबताच दुकान बंद पडावयाचे, हे त्यातून निघणारे अनुमान त्या काळच्या उत्साहात मागे पडले.

हिशेबाचा दिवस

१९२८ पासून न्यूयॉर्कचा पैसा शेअरबाजाराच्या तेजीकडे वळला आणि १९२९ मध्ये तो बाजारच कोसळला. १९३१ च्या मे महिन्यात व्हिएन्नाची क्रेडिटआनश्टाल्ट ही बँक बुडाली, जूनमध्ये अध्यक्ष हूव्हर यांनी सरकारी देण्यांना वर्षभराची तहकुबी सुचविली. १९३३ मध्ये हिटलरचे राज्य येताच जर्मन मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष शाख्त यांनी परदेशी देण्यांवर निर्बंध घातले. ज्या कर्जांची कागदपत्रे तयार करण्यात डलेस यांच्या पेढीने फी मिळविली होती, त्यांच्याच वसुलीच्या वाटाघाटींसाठी डलेस आता अमेरिकन धनकोंच्या वतीने बर्लिनला गेले. हाती फार थोडे लागले. अनेक रोख्यांत डॉलरची फेड सोन्याच्या ठराविक वजनात करण्याचे कलम असे. पण जून १९३३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनेच असली कलमे रद्द ठरविली. ऋणको राष्ट्रांवर पावित्र्याने लादलेले कलम धनको राष्ट्राने स्वतःच्या गरजेपोटी एका ठरावाने पुसून टाकले.

सिनेटच्या चौकशीत परदेशी रोख्यांच्या विक्रीतील बँकांचे नफे उघड झाले आणि १९३३ मध्ये रोखे विकताना सर्व माहिती जाहीर करण्याची सक्ती करणारे विधेयक आले. बँकांच्या वतीने त्याला हरकत घेण्यासाठी जे वकील वॉशिंग्टनला गेले, त्यांत डलेस प्रमुख होते. कायदा झालाच, आणि तो पाळावयाचा कसा हे समजावून देण्याचे भरपूर नवे काम याच पेढ्यांना मिळाले. नियंत्रणाला विरोध करून फी आणि नियंत्रण आल्यावर त्याच्या अर्थासाठी पुन्हा फी, ही या व्यवसायाची खुबी आहे.

बर्लिनच्या कचेरीचा प्रश्न याहून गंभीर होता. नाझी राजवटीत ज्यूंचा छळ सुरू झाल्यावरही डलेस यांना तेथील काम सोडवेना. अखेर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील भागीदारांनीच, त्यांत त्यांचे धाकटे बंधू अॅलन हेही होते, कचेरी बंद करण्याचा आग्रह धरला आणि डलेस यांनी तो नाइलाजाने मानला. ते नाझींचे चाहते होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांचा दोष वेगळ्या जातीचा होता. अशिलाचा व्यवहार कायदेशीर आहे ना, एवढा प्रश्न विचारण्याची सवय जडलेल्या मनाला, तो कायदा कोणाच्या राज्याचा आहे हा प्रश्न उशिरा सुचतो.

वकील परराष्ट्रमंत्री होतो

युद्धकाळात डलेस चर्चच्या संघटनांतर्फे न्याय्य शांततेच्या प्रचारात रमले, १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या स्थापना-परिषदेत सल्लागार होते, आणि १९४९ मध्ये अल्पकाळ सिनेटर म्हणून नेमणूक झाली तेव्हा त्यांनी पेढी सोडली. १९५१ चा जपानशी झालेला तह ही त्यांची खरी मोठी कामगिरी. व्हर्सायचा अनुभव त्यांनी येथे वापरला आणि जपानवर मोडून पडेल असे भरपाईचे ओझे घातले नाही.

परराष्ट्रमंत्री झाल्यावर मात्र जुनी सवय पुन्हा डोके वर काढू लागली. १९५४ मध्ये ग्वाटेमालाचे निवडून आलेले सरकार अमेरिकेच्या गुप्त साहाय्याने उलथविले गेले. त्या सरकारने युनायटेड फ्रूट कंपनीच्या पडीक जमिनी ताब्यात घेतल्या होत्या, आणि डलेस यांच्या जुन्या पेढीने त्या कंपनीचे काम पूर्वी पाहिले होते. त्यांना साम्यवादाची भीती अधिक होती की अशिलाची ओढ, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण सार्वजनिक पदावरील मनुष्याचा निर्णय असा संशयास्पद व्हावा, हीच हानी पुरेशी आहे.

गोव्याच्या बाबतीत अशील कोणीच नव्हता. होती ती केवळ वृत्ती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर चार महिनेही झाले नव्हते, तोच डिसेंबरच्या प्रारंभी डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्या संयुक्त पत्रकात पोर्तुगालच्या ‘प्रांतां’चा उल्लेख आला. पुढे वार्ताहरांशी बोलताना डलेस यांनी गोवा हा पोर्तुगालचा प्रांतच असल्याचे पुन्हा सांगितले. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून वसाहतींना सागरपारचे प्रांत असे नाव दिले होते. डलेस यांनी तो दस्तऐवज वाचला आणि तो खरा मानला. पणजी-मडगावच्या लोकांना काय वाटते हे त्या दस्तऐवजात नव्हते. सहा वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, तो प्रांत कागदावरच उरला. हे पाहावयास डलेस नव्हते. २४ मे १९५९ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या हयातीतच, १९५३ च्या लंडन करारात, जर्मनीच्या जुन्या कर्जांची तडजोड झाली. त्यातील लांबणीवर टाकलेल्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. डॉज कर्जाच्या कागदावरील सह्यांना तेव्हा शहाऐंशी वर्षे झाली होती.

आपल्यासाठी बोध

भारतात १९६१ च्या अॅडव्होकेट्स कायद्याने वकिली येथील नोंदलेल्या वकिलांपुरती राखली आहे. नव्वदच्या दशकात काही परदेशी पेढ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने संपर्क-कचेऱ्या उघडल्या. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने न्यायालयाबाहेरचा सल्ला हीही वकिलीच होय, असा निर्णय दिला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः तेच मानून परदेशी वकिलांच्या तात्पुरत्या भेटींना मुभा दिली. २०२३ मध्ये बार कौन्सिलने नियम केले व २०२५ मध्ये ते सुधारले. परस्परतेच्या अटीवर परदेशी पेढ्यांना परदेशी व आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी सल्ला देता येईल, न्यायालयात उभे राहता येणार नाही, असा त्यांचा आशय आहे.

यावरील आपली चर्चा बहुतेक येथील वकिलांच्या पोटापाण्याभोवती फिरते. तो प्रश्न क्षुल्लक नाही. पण न्यायालयाचे दार बंद ठेवले म्हणजे सर्व काही सुरक्षित झाले, ही समजूत चुकीची आहे. क्रॉमवेल यांनी पनामा न्यायालयात जिंकला नाही आणि डलेस यांची सत्ताही न्यायासनासमोर उभी राहिली नाही. ती वाटाघाटीच्या टेबलावर आणि दस्तऐवजाच्या कलमांत होती. आज आपल्या सार्वजनिक संस्थाही परदेशी बाजारात रोखे विकतात. केरळच्या पायाभूत सुविधा मंडळाने २०१९ मध्ये लंडनच्या बाजारातून २,१५० कोटी रुपये उभारले. अशा प्रत्येक कर्जामागे दोन्ही बाजूंचे वकील असतात, आणि फेड शेवटी करदात्याने करावयाची असते.

दार बंद करणे हा यावरचा उपाय नव्हे. परदेशी भांडवल हवे तर त्याची भाषा जाणणारा वकीलही हवा. उपाय आहे तो जबाबदारी निश्चित करण्याचा. सल्ला देणारी पेढी त्याच व्यवहारात आणखी कोणाची वकील आहे, हे जाहीर झाले पाहिजे. सरकारी पदावर येणाऱ्या वकिलाला जुन्या अशिलाच्या प्रकरणापासून दूर राहण्याचे बंधन हवे. सार्वजनिक कर्जाची कलमे, विशेषतः चलनाची जोखीम आणि हप्ता चुकल्यास होणारे परिणाम, विधिमंडळापुढे आणि लोकांच्या भाषेत यावयास हवीत. हेच नियम भारतीय भांडवलापाठोपाठ परदेशी जाणाऱ्या आपल्या पेढ्यांनाही लागू झाले पाहिजेत, कारण उद्या आफ्रिकेतील वा शेजारच्या एखाद्या देशात डलेस यांची भूमिका आपला वकील वठवीत असेल.

डलेस बुद्धिमान होते, कष्टाळू होते, धर्मनिष्ठ होते. आपण केलेला दस्तऐवज कायद्याला उतरतो की नाही, हे त्यांनी आयुष्यभर कसोशीने तपासले. तो माणसांना पेलतो की नाही, हे त्यांनी १९१९ मध्ये एकदा आणि १९५१ मध्ये दुसऱ्यांदा विचारले. मधल्या काळात तो प्रश्न विचारावयाचा राहिला, आणि त्याचे मोल त्यांच्या अशिलांपेक्षा ज्यांनी ते रोखे घेतले त्यांनी अधिक दिले.